खंडाचा काठ कुठे?

भरतीच्या वेळी हेदवीच्या बामणघळीपाशी उभे राहून पाहा. काळ्या कातळाच्या भेगेत लाट शिरते नि उंच उसळते. तुम्ही म्हणाल, इथे आशिया खंड संपले. पण खंडाची जमीन पाण्याखालून आणखी पुष्कळ दूर गेली आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हायला १९७४ साली तेल लागले, ते याच बुडालेल्या जमिनीत!

युरोप आणि आशिया यांच्यामध्ये तर समुद्रही नाही. तिथे उरल पर्वताची सीमा अठराव्या शतकात तातिश्चेव्ह या रशियन भूगोलकाराने सुचविली, ती रूढ झाली.

नावांचेही तसेच. ‘आशिया’ म्हणजे प्राचीन ग्रीकांच्या पूर्वेचा शेजार. ते नाव वाढत वाढत आपल्या दाराशी आले. आपल्याला कुणी विचारले नाही. उलट, दक्षिणेच्या फुटून गेलेल्या महाखंडाला ऑस्ट्रियाच्या एडवार्ड झ्यूसने १८८५ साली ‘गोंडवन’ म्हटले. ते नाव मात्र आपल्या मध्य भारतातील गोंडांच्या मुलखाचे. चांद्याला त्यांचे राज्य होते. त्या गोंडांना तरी कुणी विचारले होते?

म्हणून मुलांना सात खंडे जरूर पाठ करवा. पण ही रेघ कुणी ओढली, हे त्यांनी विचारले तर रागावू नका.