कामावर परतण्याची वेळ



आजारी नोकरास रजा द्यावी की देऊ नये, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद होतो. त्याने कामावर केव्हा परतावे, याचा विचार मात्र थोडकेच करतात. ‘प्रकृती ठीक असून कामास लायक’ एवढ्या एका ओळीचा दाखला टेबलावर आला की कचेरीचे समाधान होते. दाखला मागू नये असे मी म्हणत नाही. परंतु लायक म्हणजे कोणत्या कामास, हे त्या ओळीत सहसा नसते. आणि माझ्या मते सारा निर्णय तेथेच अडतो.

आपल्या भंडारा जिल्ह्यातील चिखल्याची मँगनीजची खाण घ्या. ती भूमिगत आहे. अशा खाणीतील एक मजूर, कचेरीतील एक कारकून आणि उपाहारगृहातील एक आचारी या तिघांना एकाच आठवड्यात विषमज्वर झाला अशी कल्पना करू. ज्वर उतरला, अन्न पचू लागले, थोडी शक्ती आली, म्हणजे कारकुनाने खुर्चीवर बसण्यास हरकत नसावी. मजुराला जमिनीखाली उष्म्यात अंगमेहनत करावयाची असते. त्याला आणखी काही दिवस हवेत. आचाऱ्याची गोष्ट सर्वांत विलक्षण. तो तिघांत अधिक ठणठणीत दिसेल, तरीही रोगाचे जंतू त्याच्या शौचावाटे कित्येक आठवडे, क्वचित वर्षाहून अधिक काळ, बाहेर पडत राहू शकतात. तेव्हा तपासणीत तो निर्दोष ठरेपर्यंत त्याला चुलीपाशी येऊ देणे म्हणजे इतरांच्या जिवाशी खेळ होय. रोग एक, दाखला एक, पण परतण्याचे दिवस तीन!

शाळेत हे काम सोपे असे. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरली की मुलाला वर्गात घेण्यास भय नसते. मोठ्या माणसांच्या आजारात असे उघड चिन्ह फार क्वचित सापडते.

कामाचा विचार करून प्रकृती पाहण्याची रीत आपल्या रेल्वेत आहे. भंडारा रोड स्थानकावरून जाणाऱ्या गाडीच्या चालकासाठी दृष्टीची कसोटी सर्वांत कडक, तर कचेरीतील कारकुनासाठी बरीच सौम्य असते. आजारानंतर चालकाची नजर अधू राहिली तर तो इंजिनावर चढण्यास नालायक ठरतो, नोकरीस नव्हे. सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलेल्या माणसास काढू नये, त्याच वेतनश्रेणीत त्याला झेपेल ते काम द्यावे, असे १९९५ च्या कायद्याने ठरविले आणि २०१६ च्या कायद्याने ते कायम ठेवले.

इटलीतील वैद्य रामाझिनी याने १७०० साली आपल्या व्यवसायबंधूंना सुचविले होते की, रोग्यास त्याचा धंदाही विचारावा. इंग्लंडात २०१० साली ‘आजारी’ अशा दाखल्याऐवजी नवा दाखला आला. त्यात कमी तास, हलके काम किंवा क्रमाक्रमाने परतणे अशी सूचना डॉक्टरास लिहिता येते. आपल्याकडे मालकाने कामाचे वर्णन चार ओळींत लिहून रोग्याबरोबर पाठविले तरी पुष्कळ साधेल. किती वजन उचलावे लागते, रात्रपाळी आहे काय, यंत्राशी संबंध येतो काय, हे डॉक्टरास स्वप्नात कसे कळावे?

येथे पैशाचा प्रश्न टाळता येत नाही. पुष्कळ माणसे बरी झाली म्हणून परतत नाहीत; पगार कापला जातो म्हणून परततात. कामगार राज्य विमा योजनेत विमेदार कामगारास आजारात वेतनाच्या सुमारे ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्याला आठवडाभर अधिक थांबणे परवडते. आमच्या जिल्ह्यात घरी बसून हजारी दराने विड्या वळणाऱ्या बाईचे काय? तिच्या खोकल्यास रजा नाही आणि तिच्या परतण्यास दाखला नाही. ताप अंगात असतानाच ती पुन्हा सूप मांडीवर घेते, आणि ती आज कामास लायक आहे काय, असे तिला कोणीच विचारीत नाही.