मोबाईल ॲपच्या पडद्यामागील कारभार



शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचे छायाचित्र काढतो आणि त्याची नोंद महसूल खात्याच्या दप्तरी जमा होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे हे दृश्य खेडोपाडी परिचयाचे झाले आहे. परंतु मोबाईलच्या पडद्यावर दिसते ते कोणत्याही ॲपचे केवळ दर्शनी अंग होय. वापरणाऱ्याची ओळख पटविणे, नोंदी जतन करणे, छायाचित्रे साठविणे, सूचना धाडणे ही कामे दूरच्या संगणकांवर चालतात. या मागील यंत्रणेस ‘बॅकएंड’ असे म्हणतात.

पूर्वी ही यंत्रणा उभारणे खर्चाचे काम होते. सर्व्हर विकत घ्यावा, त्यासाठी खोली व अखंड वीज असावी, देखभालीस जाणकार माणूस नेमावा, तेव्हा कोठे काम सुरू होई. २००६ मध्ये ॲमेझॉन कंपनीने साठवण आणि संगणनशक्ती भाड्याने देण्यास प्रारंभ केला. पुढे पार्स, फायरबेस यांसारख्या सेवांनी बॅकएंडची नित्याची कामेच तयार स्वरूपात पुरविली. त्यामुळे दोन-तीन तरुणांचा गटही अल्पावधीत ॲप उभे करू शकतो. यांपैकी काही सेवा मोबाईलमध्येच नोंदींची प्रत ठेवतात. संपर्क तुटला तरी काम थांबत नाही व तो पूर्ववत होताच नोंदी वर पोहोचतात. डोंगराळ भागात ही सोय मोलाची आहे.

तथापि, या सोयीबरोबर तीन गोष्टींचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट खर्चाची. अशा सेवा ठरावीक मर्यादेपर्यंत विनामूल्य असतात. त्यापुढे वापराप्रमाणे आकारणी होते. फायरबेसच्या फायरस्टोअर या माहितीसाठ्यात प्रत्येक नोंद वाचण्याचाही हिशेब होतो. एका विद्यार्थ्याची हजेरी पाहण्यासाठी सर्व शाळांची यादी मागविणारे ॲप शंभर वापरकर्त्यांपर्यंत स्वस्त भासते. लाखभर वापरकर्ते होताच त्याचे देयक डोईजड होते.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. ॲप वापरणाऱ्याच्या हाती असते, म्हणून केवळ ॲपमध्ये घातलेले निर्बंध पुरेसे ठरत नाहीत. कोणती नोंद कोणी वाचावी व कोणी बदलावी, हे नियम माहितीसाठ्यावरच लागू करावे लागतात. चाचणीसाठी सर्वांना खुला ठेवलेला साठा तसाच राहिला, तर लाभार्थ्यांची नावे, दूरध्वनी क्रमांक व छायाचित्रे परक्यांच्या हाती पडतात. कोठाराला कुलूप लावण्याचे काम सेवा पुरविणारा आपणहून करीत नाही.

तिसरी गोष्ट परावलंबित्वाची. पार्स ही सेवा फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतली आणि जानेवारी २०१६ मध्ये ती बंद करण्याचे जाहीर केले. ग्राहकांना वर्षाची मुदत मिळाली व सेवेची आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्यात आली. त्यामुळे सावध असणाऱ्यांना आपला कारभार अन्यत्र हलविता आला. प्रत्येक वेळी अशी मुदत मिळेलच, असे मानणे धोक्याचे आहे.

भारतापुरते पाहता, केंद्र शासनाने ‘मेघराज’ उपक्रमाद्वारे शासकीय विभागांसाठी क्लाउडची सोय केली आहे. २०१६ पासून ॲमेझॉनची केंद्रे मुंबई विभागातही आहेत. म्हणजे माहिती देशातच ठेवण्याचा पर्याय उपलब्ध आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे तत्त्वही स्पष्ट आहे: माहिती हाताळण्याचे काम दुसऱ्याकडे सोपविले, तरी मूळ संस्थेचे उत्तरदायित्व संपत नाही.

म्हणूनच ग्रामपंचायतीने वा शाळेने एखादे ॲप स्वीकारताना ठेकेदारास काही प्रश्न अवश्य विचारावेत. क्लाउडचे खाते कोणाच्या नावे आहे? माहिती कोणत्या देशात साठविली जाते? प्रवेशाचे नियम कोणी तपासले? वापर दसपट झाल्यास देयक किती येईल? करार संपल्यावर सर्व नोंदी वाचता येण्याजोग्या स्वरूपात परत मिळतील काय? खाते ठेकेदाराच्या खाजगी नावावर असेल, तर त्याच्यासोबत गावाचे दप्तरही निघून जाण्याचा संभव असतो. याकरिता खाते संस्थेच्या नावे असावे, नोंदींची प्रत ठरावीक मुदतीने स्वतःकडे घ्यावी आणि त्या प्रतीवरून माहिती पुन्हा उभी राहते की नाही, हे वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष करून पाहावे.