घरातले शिसे आणि दीर्घकालीन आजार : दिल्लीचा धडा



दिल्ली आणि पर्यावरण हे दोन शब्द एकत्र आले की प्रथम आठवते ती तेथील हिवाळ्यातील हवा. या हवेवर संसदेपासून न्यायालयापर्यंत पुष्कळ चर्चा होते, आणि ती आवश्यकही आहे. परंतु माणूस दिवसाचा बराच वेळ ज्या चार भिंतींच्या आत घालवतो, तेथील रसायनांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दाराखिडक्यांचा तैलरंग, नळाचे पाणी, फोडणीतील हळद, माळ्यावर टाकून दिलेला जुना दूरचित्रवाणी संच अशा अनेक वाटांनी घरात येणारे एक मूलद्रव्य म्हणजे शिसे. मऊ, जड, सहज वितळणारा आणि लवकर न गंजणारा हा धातू माणसाने हजारो वर्षे वापरला. लोह, जस्त, तांबे हे धातू अल्प प्रमाणात शरीराला लागतात; शिशाचे मात्र शरीरात कोणतेही काम नाही.

शरीरातील मुक्काम

शिसे मुख्यतः धूळ, अन्न व पाणी यांच्यासोबत पोटात जाते आणि धूर वा सूक्ष्म कण यांच्या रूपाने श्वासातून फुप्फुसात शिरते. जमिनीवर रांगणारे, हात व खेळणी तोंडात घालणारे मूल या दृष्टीने सर्वांत असुरक्षित असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पोटात गेलेले शिसे मुलांच्या शरीरात प्रौढांच्या तुलनेने चार ते पाच पट अधिक शोषले जाते. आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल, तर हे शोषण आणखी वाढते. म्हणजे कुपोषित मुलाला तेच शिसे अधिक बाधते.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते आणि ते हाडांत साठवते. रक्तातील शिशाचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे एक महिना लागतो. हाडांतील शिसे मात्र दशकानुदशके राहते. गरोदरपणात किंवा उतारवयात हाडांची झीज होऊ लागली, की ते पुन्हा रक्तात उतरते. आईच्या बालपणातील शिसे अशा रीतीने गर्भापर्यंत पोहोचू शकते.

याचे परिणाम दीर्घकालीन असतात. हिमोग्लोबिन तयार होण्याच्या प्रक्रियेत अडथळा येऊन रक्तक्षय होतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाची कार्यक्षमता घटते आणि हृदयविकाराचा धोका बळावतो. मुलांमध्ये बुद्ध्यांक व एकाग्रता कमी होते, आणि हे नुकसान भरून येत नाही. रक्तातील शिसे उतरविणारी औषधे आहेत. पण ती तीव्र विषबाधेसाठी आहेत. गेलेली आकलनशक्ती त्यांनी परत येत नाही. शिशाची कोणतीही पातळी निर्धोक ठरलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून या आजारावरचा खरा उपचार रुग्णालयात नसून शिशाच्या उगमापाशी आहे.

पेट्रोलपासून भिंतीपर्यंत

१९२१ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने इमारतींच्या अंतर्भागातील रंगकामात पांढऱ्या शिशाच्या वापरावर निर्बंध घालणारा करार स्वीकारला. आणि त्याच वर्षी अमेरिकेत इंजिनाची ठोठ थांबविण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याचा शोध लागला. एका दाराने शिसे बाहेर काढण्याचा विचार होत असताना दुसऱ्या दाराने ते जगभर पसरले.

भारतात एप्रिल १९९५ पासून दिल्लीसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. १९९८ मध्ये दिल्लीत शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली आणि २००० साली ते देशभरातून हद्दपार झाले. जगात हे काम २०२१ मध्ये, अल्जीरियाने शेवटचा साठा संपविल्यावर पूर्ण झाले. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातील हे मोठे यश आहे. परंतु पेट्रोलमधील शिसे गेले म्हणून घरातील शिसे गेले, असे झाले नाही.

पिवळ्या, नारिंगी व लाल तैलरंगांत लेड क्रोमेट हे रंगद्रव्य आणि रंग लवकर वाळावा म्हणून शिशाची इतर संयुगे वापरली जात. २००७ मध्ये दिल्लीतील 'टॉक्सिक्स लिंक' या संस्थेने बाजारातील रंगांची तपासणी करून हा प्रश्न पुढे आणला. केंद्र सरकारने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये २०१६ मध्ये नियम अधिसूचित केले, ते नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आले. त्यानुसार घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असता कामा नये. औद्योगिक रंग या नियमांच्या कक्षेबाहेर आहेत. शिवाय, कायदा नव्या डब्याला लागू होतो. भिंतीवर आधीच बसलेल्या रंगाला नाही. दिवाळीपूर्वी जुना रंग कोरडाच खरवडला जातो, पॉलिश पेपरने घासला जातो. त्या वेळी उडणारी धूळ रंगाऱ्याच्या फुप्फुसात आणि घरातील मुलांच्या हातावर जाते.

गल्लीतील कारखाना, घरातील धूळ

राजधानी क्षेत्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. ईशान्य दिल्लीतील सीलमपूर व मंडोली, तसेच लगतच्या गाझियाबाद जिल्ह्यातील लोणी ही नावे इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या असंघटित व्यवसायाशी दीर्घकाळ जोडली गेली आहेत. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या काचनळीत आणि मंडलपट्ट्यांवरील डाखात शिसे असते. तारा जाळणे, पट्ट्या तापविणे वा आम्लात बुडविणे ही कामे अनेकदा राहत्या वस्तीतच होतात. ई-रिक्षांमुळे शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा वापरही वाढला आहे. अशा बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. तिचे पुनर्चक्रण योग्य भट्टीत झाले तर ती संपत्ती आहे. अंगणात फोडून वितळविली तर तेच विष आहे. कामगाराच्या कपड्यांवरून ही धूळ घरात येते. ज्यांनी तो व्यवसाय कधी केला नाही, अशी बायकामुलेही तिची वाटेकरी होतात.

यासाठी २००१ मध्ये बॅटऱ्यांसंबंधीचे पहिले नियम झाले. त्यांची जागा २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली आणि वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. २०२२ चेच ई-कचरा नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाले. नियमांची कमतरता नाही. प्रश्न असा आहे, की या नियमांमुळे माणसांच्या रक्तातील शिसे किती कमी झाले?

मोजमापाचा प्रश्न

या प्रश्नाचे उत्तर शोधताना उपयोगी पडणारी एक पाहणी देशात झाली आहे. १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिल्ली व मुंबई येथील लहान मुलांच्या रक्तातील शिसे तपासण्यात आले. तीन वर्षांपर्यंतच्या १,०८१ मुलांच्या माहितीचे विश्लेषण २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील ७६ टक्के मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे ५ ते २० मायक्रोग्रॅम आणि १२ टक्के मुलांच्या रक्तात २० वा त्याहून अधिक मायक्रोग्रॅम शिसे आढळले. पाचपेक्षा कमी प्रमाण केवळ १२ टक्के मुलांत होते. मुंबईतील मुलांची स्थिती दिल्लीपेक्षा वाईट होती. आज जागतिक आरोग्य संघटना ५ मायक्रोग्रॅम ही पातळी गाठताच उगम शोधून तो दूर करण्याची शिफारस करते. त्या निकषावर या मुलांतील बहुसंख्य कारवाईस पात्र ठरली असती.

ती पाहणी शिसेयुक्त पेट्रोलच्या अखेरच्या काळातील होती. त्यानंतर २००५-०६, २०१५-१६ आणि २०१९-२१ या फेऱ्यांत रक्तक्षय मोजला गेला, शिसे नाही. २०१९-२१ मध्ये सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७.१ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. त्याचे कारण मुख्यतः आहारात व संसर्गांत असले, तरी शिशाचा वाटा किती हे सांगण्यास आधार नाही. युनिसेफ व 'प्युअर अर्थ' यांच्या २०२० च्या अहवालाने भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असावे असे म्हटले. पण तो प्रत्यक्ष गणनेचा आकडा नसून गणिती अंदाज आहे.

मोजमापाने काय साधते, याचे उदाहरण अमेरिकेचे आहे. १९७६ ते १९८० या काळातील तेथील राष्ट्रीय आरोग्य पाहणीत लोकांच्या रक्तातील सरासरी शिसे सुमारे ३७ टक्क्यांनी घटल्याचे आणि ही घट पेट्रोलमधील शिशाच्या घटीशी जुळत असल्याचे दिसले. त्या पुराव्यापुढे विरोधाचे युक्तिवाद टिकले नाहीत. बांगलादेशाचे उदाहरण अधिक जवळचे आहे. हळदीला पिवळेपणा आणण्यासाठी लेड क्रोमेट मिसळले जात असल्याचे तेथे तपासणीत सिद्ध झाले. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुने दूषित होते. लोकशिक्षण, बाजारावरील छापे व दंडात्मक कारवाई यांनंतर २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले.

पुढील दिशा

घराघरांत काही खबरदारी घेता येते. फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, जुना रंग ओला करूनच खरवडणे, जेवणापूर्वी मुलांचे हात धुणे, हळकुंडे आणून दळणे, आहारात लोह व कॅल्शियम ठेवणे हे उपाय साधे आहेत. पण शिसे दिसत नाही, त्याला वास नाही. जे दिसत नाही त्यापासून सांभाळण्याचा सगळा भार गृहिणीवर टाकणे न्याय्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये प्रदूषणमुक्त पाणी व हवा यांचा उपभोग हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भाग मानला आहे. घातक रसायनांमुळे होणारे मृत्यू व आजार २०३० पर्यंत लक्षणीय प्रमाणात कमी करणे हे शाश्वत विकासाच्या ३.९ क्रमांकाच्या लक्ष्यात नमूद आहे.

त्या लक्ष्याकडे जाण्याची पहिली पायरी खर्चिक नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१९-२१ पर्यंत रक्तक्षयासाठी बोटातून रक्ताचा थेंब घेतला जात होता. अशा तपासणीसोबत निवडक जिल्ह्यांत शिशाची तपासणी करणे शक्य आहे, हे १९९८-९९ मध्ये दिल्ली व मुंबई येथे दिसून आले आहे. त्या पाहणीतील बालके आज पंचविशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या हाडांतील शिसे कमी करणे आता कोणाच्या हाती नाही. सीलमपूर वा लोणीच्या गल्लीत आज रांगणाऱ्या बालकाच्या बाबतीत मात्र ते अजून हाती आहे. उद्या प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : ज्या आजाराची नोंद होत नाही, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही.