आगीची वर्दी आणि पेटीची किल्ली
(महोत्सवी सभेत दिलेले व्याख्यान)



मंगल प्रसंगी आगीच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु अडलेल्याची हाक मदत करणाऱ्यापर्यंत वेळेवर कशी पोचावी, हा आपल्या संस्थेचाही नित्याचा प्रश्न आहे. म्हणून अमेरिकेतील बॉस्टन शहराची हकिगत आज सांगतो.

पूर्वी तेथे आग लागली म्हणजे लोक आरडाओरड करीत व चर्चच्या घंटा वाजवीत. आग लागली एवढे त्यावरून कळे. नेमकी कोठे, हे कळत नसे. बंबवाले ठिकाण शोधीत फिरत आणि तेवढ्यात एका खोलीतील आग साऱ्या इमारतीची होई.

बॉस्टनचे विल्यम चॅनिंग हे वैद्यक शिकलेले गृहस्थ. तारायंत्राने वर्दी द्यावी, ही कल्पना त्यांनी १८४५ साली वर्तमानपत्रातून मांडली. ते शहराला शरीराची उपमा देत. बोटाला चटका बसताच एक मज्जातंतू ती खबर मेंदूकडे नेतो आणि दुसरा मेंदूची आज्ञा हाताला पोचवितो. तशीच योजना शहरासाठी हवी. तारायंत्रात निष्णात असलेल्या मोझेस फार्मर यांनी ती प्रत्यक्षात आणली, आणि २८ एप्रिल १८५२ रोजी यंत्रणा सुरू झाली. रस्त्यारस्त्यांवर क्रमांक घातलेल्या लोखंडी पेट्या बसविल्या. आतील दांडा फिरविला की विभागाचा व पेटीचा आकडा मुख्य कचेरीत उमटे आणि तेथून विजेच्या योगाने घंटांचे टोल पडत. टोल मोजले की आगीचा विभाग समजे. दांडा घाईने फिरविला तर आकडे कळेनासे होत. पुढे चावीच्या यंत्राने तोही दोष गेला.

एक गोष्ट मात्र राहिली. खोट्या वर्दीच्या भीतीने पेट्यांना कुलपे होती, आणि किल्ल्या पोलीस व इतर मोजक्या भरवशाच्या लोकांपाशी असत. भीती अगदीच निराधार नव्हती. एका खोट्या वर्दीपायी खऱ्या आगीचा बंब भलतीकडे जाई. परंतु ९ नोव्हेंबर १८७२ च्या संध्याकाळी समर स्ट्रीटच्या कोपऱ्यावरील इमारतीत आग लागली. रस्त्यावरच्या माणसांना ती दिसत होती. पेटी उघडण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. ५२ क्रमांकाच्या पेटीतून वर्दी गेली तेव्हा ७ वाजून २४ मिनिटे झाली होती, आणि आग तळघरातून वर चढली होती. त्यातच घोड्यांत साथ असल्याने माणसांनी बंब ओढले. पाण्याचा जोरही अपुरा पडला. सुमारे ६५ एकरांवरील ७७६ इमारती जळाल्या.

सारा दोष कुलपाचा नव्हे. तथापि, मोलाची पहिली मिनिटे दवडली गेली त्यात त्याचा वाटा होता. पुढे किल्लीवाचून उघडणाऱ्या पेट्या प्रचारात आल्या. खोट्या वर्द्यांचा उपद्रव सोसला, पण पेटी सर्वांना मोकळी झाली.

सज्जनहो, मदतीचा निधी जमविणे ही पुण्याची गोष्ट खरीच. परंतु अर्ज, शिफारशी व ओळखी यांची कुलपे त्याला किती लागली आहेत, हेही अधूनमधून पाहिले पाहिजे. एखादा लबाड फसवील म्हणून दहा गरजवंतांना दाराशी तिष्ठत ठेवू नये. महोत्सवाच्या या वर्षी विश्वस्तांनी एवढा विचार करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.