मनमाडच्या दगडी घरांचा उंबरठा



मनमाड म्हटलं की गाडी बदलायची, एवढंच पुष्कळांच्या डोक्यात असतं. पण कधी रेल्वेच्या जुन्या वसाहतीकडं वळा. इंग्रजी अमदानीतली काळ्या दगडाची घरं दिसतील. भिंतीला अगदी खेटून उभं राहा. दर्शनी चिऱ्यांवर छिन्नीचे ठोके हाताला लागतात. कोपऱ्याचे चिरे मोठे, कारण दोन भिंतींना तेच धरून ठेवतात. दरजांत भरायचा तो चुना. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, वाळू घालून बैलाच्या घाण्यात मळायची. दगड इथल्याच माळावरचा, बेसाल्ट. नकाशा साहेबाचा; हात मात्र पाथरवटांचे आणि वडारांचे.

ही घरं आणली रेल्वेनं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेचा भुसावळकडं जाणारा मार्ग इथून गेला, १८७८मध्ये दौंडची लाइन येऊन मिळाली, पुढं निजामाच्या मुलखातून मीटरगेज आली. जंक्शन झालं, पुलांचे गर्डर बनवणारा कारखाना झाला. साहेबाला बंगला, मास्तरांना क्वार्टर, खलाशाला खोली. कोणाचा हुद्दा काय, ते घरावरूनच कळायचं.

मला बोलायचंय ते या घरांच्या उंबरठ्याबद्दल. फेब्रुवारी १९३८मध्ये जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी तिथंच सांगितलं आणि ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच भाषणातला एक बारीक तपशील मात्र फारसा कुणी सांगत नाही. अस्पृश्य माणसाला पोर्टरची नोकरी का मिळत नाही? बाबासाहेबांनी कारण दिलं: स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरचीही कामं करून घेतात. ज्याला घरात घ्यायचं नाही, त्याला पोर्टर करायचं नाही. मग त्यानं जन्मभर गँगमन म्हणून रुळांवर राबायचं. कामाचा घराशी काय संबंध, असं आपल्याला वाटतं. पण सरकारी घराचा उंबरठा माणसाची भाकरी ठरवत होता. मला हा या घरांच्या इतिहासातला सर्वांत मोठा भाग वाटतो.

ही घरं पाडायची वेळ आली, तर आधी त्यांची मोजमापं घ्यावीत, फोटो काढावेत. टिकवायची ठरली, तर बाहेरच्या पाटीवर बांधकामाच्या सालाशेजारी १९३८च्या परिषदेचीही नोंद हवी. तिथल्या जुन्या रेल्वे कुटुंबांना विचारून ती पाटी लिहावी.