मीटिंगमधला तो जास्तीचा पाहुणा: डेटा कुठे आहे आणि चावी कुणाकडे आहे?

छत्रपती संभाजीनगरहून बोलतोय. आजचा विषय तुमच्या रोजच्या वापरातला आहे, व्हिडिओ कॉलमधला एआय.

मीटिंग सुरू झाली की हल्ली सहभागींच्या यादीत एखादं ‘नोटटेकर’ असं नाव दिसतं. तो माणूस नसतो, बॉट असतो. कधी कधी तर वेगळं नावही दिसत नाही. ॲपमध्येच एआयची सोय असते आणि कोपऱ्यात फक्त एक छोटं चिन्ह लागतं. मीटिंग संपली की सगळ्यांच्या मेलवर छान मुद्देसूद सारांश येतो. सोय आहे, यात वादच नाही. पण हा सारांश तयार कुठे झाला?

आपल्याच शहरातलं उदाहरण घेऊ. मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ इथे १९८१ पासून आहे. अख्खा मराठवाडा, शिवाय जळगाव, धुळे, नंदुरबार आणि अहिल्यानगर इथली प्रकरणं इकडे येतात. नंदुरबारच्या पक्षकाराला वकिलाशी बोलायचं तर प्रत्येक वेळी इतका प्रवास कोण करणार? मग व्हिडिओ कॉल होतो. कोर्टाच्या ऑनलाइन सुनावणीला तरी नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-कमिटीच्या आदर्श नियमावलीत स्पष्ट म्हटलंय की परवानगीशिवाय कुणीही कामकाज रेकॉर्ड करायचं नाही. पण सुनावणीच्या आदल्या रात्री वकील आणि पक्षकार जे बोलतात, त्याचं काय? जमिनीचा वाद, घटस्फोट, जामीन. वकील-पक्षकार संवाद गोपनीय ठेवायचा, हे भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. आणि त्या कॉलमध्ये एआय नोट्स घेत असेल, तर ते बोलणं तिसऱ्याच्या सर्व्हरवर गेलेलं असतं.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं करून सांगतो. साध्या व्हिडिओ कॉलमध्ये तुमचा आवाज फोनपासून सर्व्हरपर्यंत कुलूपबंद जातो. पण सर्व्हरवर ते कुलूप उघडता येतं, कारण चावी कंपनीकडे असते. ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ असेल तर चावी फक्त बोलणाऱ्यांच्या उपकरणांवर असते. मधल्या सर्व्हरला काहीच कळत नाही. आणि गंमत इथेच आहे. सर्व्हरवरच्या एआयला सारांश काढायचा तर बोलणं ऐकू यायलाच हवं. म्हणून झूमवर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन चालू केलं की क्लाउड रेकॉर्डिंग आणि एआयच्या सोयी बंद पडतात. दोन्ही एकदम मिळत नाही, राव!

कंपनीच्या शब्दावर किती विसंबायचं? झूमचंच बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने म्हटलं की, २०१६ पासून कंपनी एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचा दावा करत होती, पण चाव्या स्वतःकडेच ठेवत होती. मग ऑगस्ट २०२३ मध्ये सेवाशर्तींतल्या भाषेवरून गदारोळ झाला. ग्राहकांचं बोलणं एआय शिकवायला वापरता येईल, असा त्यातून अर्थ निघत होता. लोक चिडले, कंपनीने शर्ती बदलल्या आणि ऑडिओ, व्हिडिओ, चॅट त्यासाठी वापरणार नाही असं जाहीर केलं. म्हणजे शर्ती बदलू शकतात, दोन्ही दिशांनी.

मग लोक म्हणतात, “सर्व्हर भारतात आणा, विषय संपला.” एवढं सोपं नाही. बघा, तुम्ही क्रांती चौकात चहाचे १० रुपये यूपीआयने दिलेत, तर त्या व्यवहाराचा डेटा भारतातच साठवायचा, हा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश आहे. तुमच्या मीटिंगमधल्या आवाजाला असा सरसकट नियम नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सरकारने मनाई केलेले देश सोडून इतरत्र डेटा नेता येतो. दुसरं म्हणजे, अमेरिकेचा २०१८ चा क्लाउड ॲक्ट. कंपनी त्या कायद्याच्या कक्षेत येत असेल, तर सर्व्हर मुंबईत असला तरी तिथल्या कायदेशीर आदेशावर डेटा द्यावा लागू शकतो. आणि आपल्याच कायद्यात केंद्र सरकार स्वतःच्या यंत्रणांना सूट देऊ शकतं, हेही विसरू नका. म्हणून सर्व्हर कुठे आहे याच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारा: चावी कुणाकडे आहे?

या कायद्यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. आणि संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायचा पर्याय हवा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर आपलं आपणच बघायचं.

काय करायचं? कॉलच्या सुरुवातीला यादी बघा. बॉट दिसला तर सरळ विचारा, “हा कुणी आणलाय? नोट्स कुठे जातात? किती दिवस राहतात?” वकील, डॉक्टर, पगाराची बोलणी, घरचं भांडण, असा विषय असेल तर एआय बंद आणि एंड-टू-एंड चालू. नोकरीच्या मुलाखतीत नकार देणं अवघड असतं, मान्य. पण सारांशाची प्रत मागणं अवघड नाही.

नोट्स हव्याच असतील तर सगळ्यांना विचारून रेकॉर्ड करा आणि स्वतःच्या लॅपटॉपवरच मजकूर काढा. ओपनएआयचं व्हिस्पर मॉडेल सप्टेंबर २०२२ पासून खुलं आहे, इंटरनेटशिवाय चालतं. मराठीत चुका करतं, इंग्रजी मिसळलं की जास्तच. हाताने दुरुस्त करावं लागेल. ऑफिस किंवा क्लास चालवत असाल, तर जित्सी हे मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येतं. त्याची देखभाल मात्र तुमच्याच गळ्यात.

प्रत्येक कॉलला एवढी कडेकोट व्यवस्था नको. सोमवारच्या स्टँडअप मीटिंगचा सारांश एआयने काढला तर आभाळ कोसळत नाही. पण समोरचा माणूस विश्वासाने बोलतोय, आणि त्याच्या वतीने ‘हो’ आपण परस्पर म्हणून टाकतोय, असं होऊ देऊ नका. नंदुरबारच्या त्या पक्षकाराला कोपऱ्यातलं चिन्ह कळणार नाही. ते सांगायचं काम कॉल लावणाऱ्याचं.

तुमच्या ऑफिसात किंवा कॉलेजात एआय नोट्सआधी कुणी विचारतं का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या!