हँडल लॉक केलं का?



आमच्या नागपुरात 'गाडी' म्हटलं की ती दुचाकीच. काही वर्षांपूर्वी माझी गाडी सीताबर्डीच्या बाजारातून चोरीला गेली. चपलेच्या दुकानासमोर लावली, चावी तशीच ठेवून आत डोकावलो, बाहेर येऊन पाहतो तर जागा रिकामी. तीन दिवसांनी ती फुटाळा तलावाजवळ सापडली. आरसे शाबूत, डिक्कीतली छत्रीही जागच्या जागी. टाकीत मात्र पेट्रोलचा थेंब नव्हता. ठाण्यातले जमादार कागदावरची नजर न काढता म्हणाले, "काका, पोट्ट्यांचं काम हाय. फिरवली अन् टाकली."

गाडी विकायला नेणारा चोर वेगळा आणि फिरवायला नेणारा वेगळा. हे कायद्यालाही ठाऊक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय मोटार वाहन कायद्यात, नुसती मालकाला न विचारता गाडी नेऊन चालवली तरी त्यासाठी 197 हे स्वतंत्र कलम आहे. फिरवणाऱ्याला गाडी नको असते, मजा हवी असते. आणि हल्ली त्या मजेला प्रेक्षकही लागतात.

हा प्रकार कुठवर जातो, ते अमेरिकेनं पाहिलं. 2021 च्या सुमारास मिलवॉकी शहरातल्या पोरांनी किया आणि ह्युंदाई या दोन कंपन्यांच्या मोटारी पळवायला सुरुवात केली. पळवायची, भरधाव हाणायची, त्याचं चित्रण टाकायचं. पुढच्या वर्षी टिकटॉकवरून ही युक्ती 'किया चॅलेंज' म्हणून देशभर गेली. हत्यार काय, तर मोबाइल चार्ज करायची साधी वायर! ऑक्टोबर 2022 मध्ये बफेलो शहरात अशाच पळवलेल्या गाडीच्या अपघातात चार किशोरवयीन मुलं गेली. फेब्रुवारी 2023 पर्यंत अशा चोऱ्यांतून किमान 14 अपघात आणि 8 मृत्यू झाल्याची नोंद तिथल्या रस्ता सुरक्षा खात्यानं केली.

मोबाइलनं पोरं बिघडवली, असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते तितकंसं पटत नाही. गाडीत इमोबिलायझर नावाचा एक भाग असतो. चावीत चिप असते, गाडी ती ओळखते, आणि ओळख पटली नाही तर इंजिन सुरूच होऊ देत नाही. 2015 च्या मॉडेलांत अमेरिकेतल्या इतर कंपन्यांच्या 96 टक्के गाड्यांत तो होता. या दोन कंपन्यांच्या मात्र अवघ्या 26 टक्के गाड्यांत. शेजारच्या कॅनडानं 2007 पासूनच तो सक्तीचा केलेला. टिकटॉक तिथल्या पोरांच्या हातातही होतं, वायरही होती. पण त्या वायरीनं तिथली गाडी सुरू होत नव्हती. पुढे कंपन्यांनी सुमारे 83 लाख गाड्यांसाठी फुकट सॉफ्टवेअर देऊ केलं, पोलीस ठाण्यांतून स्टिअरिंगला लावायचे लोखंडी दांडे वाटले गेले. म्हणजे पुन्हा आपलं जुनं कुलूपच!

आपल्याकडे टिकटॉक 29 जून 2020 लाच बंद झालं. रील मात्र राहिलं. रात्री फुटाळ्याच्या रस्त्यावर जाऊन उभे राहा. एकाच्या हाती हँडल, मागच्याच्या हाती मोबाइल, पुढचं चाक हवेत. यातल्या बहुतेकांच्या गाड्या बापाच्याच असतात, हे खरं. पण बापानं चावी लपवली की पोट्टे थांबतील, या भ्रमात राहू नका; ते दुसऱ्याची गाडी उचलतील. चावीत चिप मोटारींना आली; बहुतेक दुचाक्यांची सारी मदार अजून एका हँडल लॉकवर आहे. आणि ते आपण लावत नाही. 'दोनच मिनिटांचं तर काम' म्हणतो. मीही तेच म्हणालो होतो.

पालकांसाठी आणखी एक. 2019 च्या दुरुस्तीनं कलम 199 अ आलं. अल्पवयीन मुलानं वाहनाचा गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. 'मला माहीतच नव्हतं' असं नुसतं म्हणून भागत नाही, ते कोर्टात सिद्ध करावं लागतं.

तेव्हा आज घरी पोहोचलात की हँडल वळवून लॉक करा आणि चावी खिशात टाका. आणि अंगणात अनोळखी गाडी दिसली, पोट्टा म्हणाला 'मित्राची हाय', तर रागावू नका. त्या मित्राला गाडीच्या आरसीसकट जेवायला बोलवा.